राउटरचं गाइड दर वेळी थोडंसं का चुकतं? घरी केलेल्या जिगचा दोष शोधताना

चतुर्थी दीड महिन्यावर आली की मी माटोळीची चौकट खाली काढतो आणि दर वर्षी तेच होतं. दोन-तीन पट्ट्या वाळवीने किंवा बुरशीने गेलेल्या असतात, त्यांच्या जागी नव्या करायच्या असतात, आणि नव्या पट्टीची खाच जुन्या पट्टीवर बसत नाही. कधी हातोडीने ठोकूनही आत जात नाही, कधी बसते पण खुळखुळते. दोष अर्थातच गाइडचा, म्हणजे राउटर (लाकडात खाच कोरायचं विजेचं यंत्र) सरळ चालावा म्हणून टेकवायच्या घरगुती पट्टीचा (अशा साधनालाच जिग म्हणतात), असं ठरवून मी तीन वर्षांत तीन गाइड केली. तिसरं केलं तेव्हा कळलं की पहिलंही ठीकच होतं.

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी जाळी, गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो (पलीकडे सिंधुदुर्गात हिलाच माटवी म्हणतात). नारळ, सुपारीचं शिपटं, केळ्यांचा घड, तोरिंजन, काकड्या असं सगळं तिला बांधतात, त्यामुळे वजन बरंच पडतं. माझी चौकट सागवानी पट्ट्यांची आहे, पट्टी ४० मिमी रुंद आणि २० मिमी जाड. ४ लांब पट्ट्यांवर ६ आडव्या, म्हणजे २४ जोड. प्रत्येक जोडात दोन्ही पट्ट्यांना अर्ध्या जाडीची, १० मिमी खोल खाच. एकूण ४८ खाचा. पटाशीने करणारा माणूस दोन दिवसांत करील, पण माझा हात तेवढा बसलेला नाही, म्हणून राउटर. खरं तर ट्रिमर, म्हणजे हातात मावणारा छोटा राउटर, ६ मिमी आणि पाव इंची कॉलेटवाला (कॉलेट म्हणजे बिटचा, फिरणाऱ्या पात्याचा, दांडा धरणारी पकड).

तुम्ही माटोळी करत नसाल, पुस्तकांच्या मांडणीला फळ्यांच्या खाचा मारत असाल, तरी दुखणं हेच असणार.

कुठलं गाइड, ते आधी

सगळ्यांना माहीत असलेलंच. खाली ६ मिमी प्लाय किंवा एमडीएफची रुंद पट्टी, तिच्यावर मागच्या बाजूला १२ किंवा १८ मिमीची सरळ पट्टी स्क्रूने आणि गोंदाने चिकटवलेली. राउटरचा बेस (खालची सपाट प्लेट) वरच्या पट्टीला टेकवून एकदा पूर्ण लांबी फिरवायचा. बिट खालच्या पट्टीची जादा कड कापून टाकतं, आणि मग ती कापलेली कड म्हणजेच बिटची कड. पेन्सिलच्या रेघेवर ती कड ठेवायची, क्लॅम्प लावायचे, राउटर फिरवायचा. गणित नाही, मोजमाप नाही. म्हणूनच हे गाइड सगळे करतात आणि म्हणूनच सगळे फसतात.

आधी चूक नीट बघा

गाइड मोडून नवं करण्याआधी टाकाऊ फळीवर चार खाचा मारा आणि त्या उजेडात धरा. चूक किती आहे यापेक्षा तिचा आकार कसा आहे हे महत्त्वाचं. मी तीन वर्षं फक्त किती हेच मोजत होतो.

खाच सगळीकडे सारखीच रुंद किंवा सारखीच अरुंद असेल तर बिट किंवा बेस बदललाय. दोन्ही टोकांना बरोबर आणि मध्ये पोट आल्यासारखी असेल तर गाइड वाकतंय. नागमोडी असेल, आणि तीही दोनपैकी एकाच बाजूला, तर राउटर उलट्या दिशेने ढकलला जातोय. रुंदी बरोबर पण खोली वाढत जात असेल तर गाइडकडे बघूच नका, कॉलेट उघडा. आणि कापली तेव्हा नेमकी बसलेली खाच चार महिन्यांनी बसत नसेल, तर तो दोष कोणाचाच नाही. त्याबद्दल पुढे बरंच सांगायचंय.

हातात फिरलेला राउटर

माझ्या तीन वर्षांतली पहिली दोन यातच गेली.

आपण धरून चालतो की बिट बेसच्या बरोबर मध्यावर आहे. दिसायला असतंही. पण बेसची प्लेट चार स्क्रूंवर बसते, स्क्रूंची भोकं थोडी सैल असतात, आणि प्लेट एकदा काढून परत लावली की ती पाव-अर्धा मिमी इकडे-तिकडे सरकते. म्हणजे बेसच्या एका बाजूपासून बिट ४२ मिमीवर, तर समोरच्या बाजूपासून साडेएक्केचाळीस. बेस गोल असेल तर हे आणखी लपून राहतं, कारण फिरवता फिरवता मनगट वळतं आणि राउटरही सोबत वळतो. सरळ पट्टीला टेकूनच चाललाय, तरी बिट मात्र आत-बाहेर होतंय.

खरी गोम पुढे आहे. समजा गाइडची कड कापली तेव्हा राउटरची ४२ मिमीवाली बाजू पट्टीकडे होती. पुढच्या रविवारी तुम्ही राउटर दुसऱ्या बाजूने धरला आणि आता बिट पट्टीपासून साडेएक्केचाळीसवर आहे. बिट गाइडच्या कडेतच अर्धा मिमी घुसतं. खाच रुंद होतेच, शिवाय गाइडची कडही तेवढी खाल्ली जाते. आवाजात फरक कळत नाही, भुसाही तसाच उडतो. तिसऱ्या रविवारी राउटर परत मूळ बाजूने धरलात की आता कड आणि बिट यांच्यात अर्ध्या मिमीची फट. एकदा खाच रुंद, एकदा अरुंद, आणि मधल्या मध्ये गाइड कायमचं खोटं. मी याच गाइडला "हे बेभरवशाचं आहे" म्हणून चुलीत घातलं होतं.

तपासायचं असं. तयार गाइड वापरू नका, नाहीतर तपासतानाच त्याची कड खाल. नुसती एक सरळ पट्टी फळीवर क्लॅम्प करा. ६ मिमीचं सरळ बिट लावा, खोली फक्त १ मिमी ठेवा, राउटरच्या बेसवर एका जागी मार्करने ठिपका द्या. ठिपका पट्टीकडे ठेवून एक ओळ मारा. पट्टी तशीच ठेवा. आता राउटर पाव फेरा वळवून त्याच ओळीतून परत चालवा, मग आणखी पाव फेरा, मग आणखी. शेवटी व्हर्नियरने ओळीची रुंदी मोजा. ६ मिमीच्या बिटने ६.१ आली तर विसरून जा. ६.५ आली तर तुमचा आजार सापडला.

उपाय दोन. प्लेटचे स्क्रू सैल करून ती मध्यावर आणायची आणि परत आवळायची, यात अर्धा तास जातो आणि पुढच्या वेळी प्लेट काढलीत की पाढे पंचावन्न. दुसरा उपाय फुकटचा: ठिपका पुसू नका. कायम ठिपक्याची बाजूच पट्टीकडे. माझ्या ट्रिमरच्या बेसवर आता नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे (मार्कर पुसला जातो, नेलपॉलिश घरात मिळते). बेस चौकोनी असेल तर आणखी सोपं, सपाट बाजू पट्टीला टेकवली की मनगट वळूच शकत नाही.

०.३५ची भानगड

आपल्याकडे सुतारकामात इंच आणि मिलिमीटर एकाच पिशवीत नांदतात. प्लाय १८ मिमीचा, फळी पाऊण इंची, आणि मेस्त (सुतार) अजून सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माणसांच्या बोलण्यात हे चालून जातं. बिटच्या बाबतीत चालत नाही.

अर्धा इंची बिट १२.७ मिमीचं असतं. दुकानात ते १२ च्या शेजारीच टांगलेलं असतं आणि डोळ्याला सारखंच दिसतं. १२ वर कापलेल्या गाइडवर १२.७ लावलं तर कडेत दर बाजूने ०.३५ मिमी घुसणार. ६ वर कापलेल्या गाइडवर १२ लावलं तर सरळ ३ मिमी. ते निदान लगेच दिसतं तरी. धार लावून आणलेलं सरळ बिटही मूळ मापाचं राहत नाही, थोडं बारीक होतं. तेव्हा गाइडवर बिटचं माप लिहून ठेवा आणि ते बिट त्याच गाइडचं समजा. दुसरं बिट वापरायचं असेल तर दुसरं गाइड करा. प्लायचे तुकडे काही महाग नाहीत.

तोच ०.३५ दुसऱ्या जागी आणखी वाईट. ट्रिमरसोबत ६ मिमी आणि पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी, अशी दोन कॉलेट येतात. ६ मिमी दांड्याचं बिट ६.३५ च्या कॉलेटमध्ये घातलं तरी जोर लावून आवळलं की बसल्यासारखं वाटतं. मग ते चालताना हळूहळू खाली सरकतं. खाच सुरुवातीला १० मिमी खोल आणि शेवटाला ११, १२. माटोळीच्या २० मिमी पट्टीत १२ ची खाच म्हणजे खाली फक्त ८ मिमी लाकूड, आणि त्यावर नारळ टांगायचे. हे नुसतं मापाचं प्रकरण नाही, सुटून उडालेलं बिट काय करेल ते सांगायला नको. दांडा आणि कॉलेट जुळतात का ते बघा. बिट पूर्ण आत घालून मग दोन मिमी बाहेर ओढा आणि मगच आवळा. तळाला टेकलेलं बिट नीट आवळलं जात नाही. सागाचा चीक आणि भुसा कॉलेटच्या फटींत साठतो, तोही ब्रशने काढा.

कुठल्या बाजूने ढकलायचं

वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं. राउटर पुढे ढकलला की बिटची पुढची धार डावीकडून उजवीकडे जाते, लाकूड तिला अडवतं आणि राउटर डावीकडे ओढला जातो. म्हणून ढकलताना गाइडची पट्टी राउटरच्या डाव्या हाताला हवी. मग बिट स्वतःच राउटरला पट्टीला चिकटवून ठेवतं.

४० मिमीच्या खाचेला डावी आणि उजवी अशा दोन कडा. डाव्या कडेला सगळं ठीक जातं. मग आपण गाइड उचलतो, उजव्या रेघेवर ठेवतो आणि राउटर परत त्याच दिशेने, पोटापासून पुढे ढकलतो. आता पट्टी उजवीकडे आहे. राउटर तिच्यापासून दूर पळतो, आपण जोराने दाबून आणतो, तो परत पळतो. कड नागमोडी होते. खाचेत ही चूक टाकाऊ भागात जाते, दुसरा फेरा मारला की बरीचशी निघते. पण एकाच फेऱ्यात मारायची १२ मिमीची ग्रूव्ह असेल तर वाकडी ती वाकडीच. उजव्या कडेला राउटर स्वतःकडे ओढत आणा, किंवा टेबलाच्या पलीकडे जाऊन उभे राहा. मी दुसरं करतो. पडवीत जागा असली तर.

लक्षात ठेवायला सोपं: खाचेच्या आतून चालताना राउटर घड्याळाच्या काट्यासारखा फिरवायचा. पट्टीच्या बाहेरच्या कडेने चालताना उलटा.

वाकणं, भुसा वगैरे

गाइड फक्त दोन टोकांना क्लॅम्प केलेलं असतं, मधोमध आपण हाताने दाबतो. चार फूट लांब आणि चाळीस मिमी रुंद पट्टी मध्ये वाकणारच. अंगठ्याने ढकलून बघा, दिसेल. पट्टीची रुंदी दुप्पट केली की ती आडवी वाकायला आठपट जोर लागतो, तेव्हा जाडी वाढवत बसू नका, रुंद करा. खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीचे तुकडे मिळतात, तेही उत्तम. फक्त आणण्याआधी सरळ आहे का बघा: तिच्या कडेने रेघ ओढा, नळी उलटवून तीच कड त्याच रेघेला लावून परत ओढा. दोन रेघांमध्ये पोट दिसलं तर दुसरा तुकडा मागा.

भुसा म्हणजे पट्टीच्या मुळाशी, जिथे बेस टेकतो तिथे, साचणारा दाट थर. बेस त्यावर चढतो आणि बिट तेवढं बाहेर जातं. पट्टीची खालची धार जोडण्याआधी रंध्याने दोन मिमी तिरकी मारून घ्या, भुश्याला तिथे जागा मिळते.

पाऊस

आता तिसरं वर्ष. लाल ठिपका आहे, बिट ठरलेलं आहे, दिशा बरोबर आहे. मार्चमध्ये सुट्टी होती म्हणून मी निवांतपणे सगळ्या ४८ खाचा मारल्या. सगळे जोड हाताच्या दाबाने बसले, इतके सुंदर की फोटो काढून ठेवले. पट्ट्या सुट्याच ठेवल्या, रंग नंतर द्यायचा म्हणून. श्रावणात जोडायला घेतल्या तर एकही आत जाईना.

शेजारच्या वाड्यावरचे मेस्त देवघराचं दार सारखं करायला आले होते. त्यांना गाइड दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलंसुद्धा नाही. पट्टी उचलली, खाचेवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "गाइड बरें आसा रे. तुजी पट्टी फुगल्या." मग बाहेरच्या पावसाकडे हात केला आणि परत दाराकडे वळले. दारही फुगलंच होतं.

लाकूड ओल शोषतं तेव्हा ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. रेषांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ काहीच नाही. आता जोड डोळ्यासमोर आणा. पट्टीची रुंदी, ४० मिमी, ही रेषांना आडवी. पण खाचेची रुंदी मात्र पट्टीच्या लांबीवर मोजलेली, म्हणजे रेषांच्या दिशेने. खाच उन्हाळ्यात ४० ची होती आणि पावसातही ४० चीच राहते. तिच्यात बसणारी पट्टी तेवढी जाडजूड होते. सागवान तसं कमी हलणारं लाकूड, तरीसुद्धा फळी कशी चिरलीय त्यानुसार फरक पडतो; झाडाच्या वर्तुळांना समांतर चिरलेली फळी वर्तुळांना काटकोनात चिरलेलीपेक्षा जवळपास दुप्पट हलते. लाकडातली ओल पाच टक्क्यांनी वाढली तर अशा ४० मिमीच्या सागवानी पट्टीत एक तृतीयांश मिमीपेक्षा थोडी जास्त वाढ होते. हाताच्या दाबाने बसणारा जोड अडायला तेवढी पुरे.

म्हणजे मी पहिल्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर कापलेल्या पट्ट्या नंतर खुळखुळत होत्या त्या यामुळे. माळ्यावर, स्वयंपाकघराच्या वर, डिसेंबरपासून वाळून त्या बारीक झाल्या होत्या आणि मी त्या मे महिन्यात तपासून गाइडला शिव्या घातल्या.

उपाय असा की काय करताय ते ठरवून महिना निवडा. माटोळी वापरायची भाद्रपदात, तेव्हा ती आषाढ-श्रावणातल्या फुगलेल्या पट्टीच्या मापाने कापा. नंतर वर्षभर सैल पडली तर पडू दे, माळ्यावर तिला कोण विचारतो. बारा महिने वापरायची मांडणी असेल तर उलट: कोरड्या दिवसांत कापायची असेल तर पट्टी आणि खाच यांत कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढी जागा सोडा. प्लायच्या बाबतीत हा प्रश्न फारसा येत नाही, त्यात थर आलटून पालटून आडवे-उभे चिकटवलेले असल्याने तो रुंदीत हलत नाही. प्लायचा प्रश्न वेगळा, १८ म्हणून घेतलेला १७ च्या आसपास भरतो. मोजूनच घ्या.

जिगसुद्धा पावसातच राहते हे विसरू नका. एमडीएफची कापलेली कड ओल पिऊन फुगते आणि नेमकी तीच आपली मापाची कड. मी एमडीएफ सोडलं. १२ मिमीचा ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय, कडांना लाखेच्या पॉलिशचे दोन हात. मायका लावणार असाल तर दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावलेली पट्टी महिन्याभरात पापडासारखी वळते.

आता मी काय वापरतो

मापच नको, ही मेस्तांच्या त्या एका वाक्यातून सुचलेली गोष्ट. ज्या पट्टीवर बसवायचं तीच पट्टी माप.

दोन रूळ (मी त्यांना रूळच म्हणतो), १८ मिमी प्लायचे, प्रत्येकी ७० मिमी रुंद आणि ३५० मिमी लांब. खालून पुढे एक आडवी पट्टी. पहिला रूळ तिच्यावर बरोबर काटकोनात, गोंद आणि स्क्रूने पक्का. दुसरा रूळ लांबट भोकातून बोल्ट आणि पंखी नटने सरकणारा. ज्या पट्टीसाठी खाच करायची ती दोन रुळांच्या मध्ये, त्यांच्याच दिशेने, सपाट ठेवायची, एका बाजूला कागदाचा एक कपटा, रूळ सरकवून दाबायचे, नट आवळायचे, पट्टी काढून घ्यायची. जी फट उरली ती खाच.

राउटरला अर्धा इंची, वर बेअरिंग असलेलं बिट. बेअरिंग रुळाला घासत जातं, बिट त्याच मापाचं असल्यामुळे रुळाची कड ती खाचेची कड. बेस मध्यावर आहे की नाही, मनगट वळलं की नाही, कशाचाच संबंध उरत नाही. लाल ठिपक्याची गरज संपली, पण नेलपॉलिश जात नाही.

काटकोन मात्र गुण्यावर विश्वास ठेवून करू नका. गुण्या फळीच्या सरळ कडेला लावून रेघ ओढा, गुण्या उलटवून त्याच बिंदूतून परत ओढा. दोन रेघा फाकल्या तर गुण्याची चूक फाकेच्या निम्मी. माझा गुण्या पंधरा वर्षं जुना होता आणि पंधरा वर्षं खोटं बोलत होता.

४ लांब पट्ट्या एकमेकींना लावून एकत्र क्लॅम्प करा आणि एकाच फेऱ्यात चौघींच्या खाचा मारा. तसंच सहा आडव्यांचं. सहा पट्ट्या म्हणजे २४० मिमी, म्हणून रूळ ३५० चे. ४८ वेळा जिग लावण्याऐवजी १० वेळा लागते आणि खाचांमधलं अंतर आपोआप सारखं येतं. टांगायच्या लांब पट्ट्यांच्या खाचा वरच्या अंगाला ठेवा. वजनाने पट्टीची खालची बाजू ताणली जाते, तिथे खाच म्हणजे चिरेला आमंत्रण.

या जिगचेही दोष आहेत. पहिला मी स्वतः केला. बिटच्या धारेची लांबी २५ मिमी होती. पहिला फेरा ४ मिमी खोल ठेवला, तर धारेचे उरलेले २१ मिमी वर, आणि रूळ फक्त १८ मिमी. बेअरिंग रुळाच्या डोक्यावरून हवेत फिरत होतं, धार सरळ रुळात गेली. लांब धारेचं बिट असेल तर रूळ दुहेरी जाड करा, नाहीतर १२ मिमी धारेचं आखूड बिट आणा. आखूडच घ्या. १० मिमीची खाच तीन फेऱ्यांत.

दुसरा, पुढच्या आडव्या पट्टीतही बिट आपली खाच पाडतं. पुढे कधी रुळांमधली फट मोठी केली की तीही मोठी होते आणि कामाच्या पट्टीला तिथे आधार उरत नाही, कड फाटते. ती पट्टी स्क्रूवर ठेवा, गोंद लावू नका, म्हणजे बदलता येते. बिट बाहेर पडतं त्या टोकालाही एक टाकाऊ पट्टी दाबून ठेवा.

तिसरा, बेअरिंगवर चिकाचा थर बसतो. तेवढ्याने खाच अरुंद होते आणि माणूस परत जिगवर संशय घेतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा. बेअरिंग हाताने फिरवून बघा. अडखळत असेल तर ते रुळावर फिरणार नाही, घासून जाळेल. काळी रेघ दिसली की समजा.

आणि पावसात काम करताय म्हणून एक. वीज मध्येच जाते. राउटर खाचेतच थांबतो, आपण तो तसाच सोडून पंख्याखालून उठतो. ट्रिमरचं बटण चालूच राहिलेलं असतं. वीज आली की तो मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेऱ्यांनी स्वतःहून सुरू होतो आणि टेबलावरून चालू लागतो. वीज गेली की आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग चहा. चष्मा आणि मास्क आहेतच; सागाचा बारीक भुसा बऱ्याच जणांच्या नाकाला आणि कातडीला सोसत नाही.

यंदाच्या पट्ट्या आषाढात कापल्या. दोन जोड थोडे घट्ट आहेत, ते मी रंध्याने मारलेले नाहीत. ऊन पडलं की बघू.